चौकीच्या खिडकीची झडप

जानेवारीतला सोमवार, सकाळचे सहा. हजर: दोन ड्रायव्हर, चार हमाल आणि मी. गैरहजर: चौकीदार काका, जे एरवी सगळ्यांच्या आधी फाटकात उभे असतात.

भनपुरीतल्या या गोदामाचं काम मी बघते. थंडीची यादी वहीत पक्की असते. शिडीवरचं दव पुसल्याशिवाय ट्रकवर चढायचं नाही, ओले मोजे बदलायचे, पहिल्या ट्रकआधी गरम चहा. सगळ्यावर खुणा झालेल्या होत्या. फाटकाजवळची चौकी मात्र यादीत नव्हतीच.

दार ढकललं. आत काका, कोळशाची पेटती शेगडी आणि खिडकीच्या फटीत कोंबलेलं पोतं. उठायला गेले आणि भिंत धरून खाली बसले.

"काही नाही म्याडम, डोकं जड झालं."

हमालांनी त्यांना उचलून बाहेर आणलं, मी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वासही येत नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर हे उठलेच नसते.

चार दिवसांनी काका कामावर आले. पाचव्या दिवशी पोतंही आलं.

"काका, हे काय?"

"मले थंडी वाजते ना. फक्त खिडकी लावून राहिलो, शेगडी नाही."

"मग कोपऱ्यात लाल काय दिसतंय?"

"थोडीशीच आहे. लहान पोट्ट्यावानी काहून रागावून राहिल्या?"

मागून एक हमाल म्हणाला, "काका, डॉक्टर की सुई भूल गए क्या?" सगळे हसले. काका सोडून.

मी वाद घातला नाही. पेचकस मागवला आणि झडप बिजागऱ्यांसकट काढून घेतली. "सुतार आला की दुरुस्त करून बसवू," म्हटलं. उरलेलं भगदाड एका पोत्याने बुजणारं नव्हतं. त्याच दिवशी गोल बाजारातून जाड रग, कानटोपी आणि लोकरीचे मोजे आणले. शेगडी फाटकापाशी चहूबाजूंनी उघड्या पत्र्याच्या छपराखाली गेली.

आता तिथे काकांचा दरबार भरतो. ओल्या मोज्यांनी कोणी जवळ आलं की, "पहले मोजे बदल, फिर हात सेक!" माझी यादी ते माझ्यापेक्षा कडक चालवतात.

दर सोमवारी मात्र विचारतात, "म्याडम, सुतार कधी येऊन राहिला?"

झडप माझ्या कपाटामागे उभी आहे, अगदी धडधाकट. वहीत खुणेवाचून एकच ओळ उरली आहे: सुताराला बोलावणे.