सत्ताविसावे पान

त्या प्रकरणाची आठवण झाली की मला आजही आधी हसू येते. चौकशीतला संशयित ठाण्यात बसून वाट्या भरून सीताफळाचा गर खाऊन गेला, असे माझ्या नोकरीत एकदाच घडले.

नातवंडांनो, तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. हद्दीत नवउद्योगांना जागा आणि यंत्रे पुरवणारे एक केंद्र नुकतेच सुरू झाले होते. एके सकाळी हजेरी संपताना सिरसाळ्याकडचा एक शेतकरी आला. त्याच्या मुलीने केंद्रात सीताफळाचा गर काढायचे यंत्र बनवले होते. त्यात बी फुटत नसे, म्हणून गर कडू होत नसे. आता पुण्याचा एक गुंतवणूकदार तिच्या कंपनीत पैसे घालणार होता आणि दुपारी तीनला सही होती.

"मॅडम, ब्याज न्हाई, तारण न्हाई, अन् पैसे द्याया निघालाय. कावून देतोय ह्यो?"

प्रश्न रास्त होता. त्या गावाने दामदुपटीच्या योजनेत दोनदा हात पोळून घेतले होते. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि गुंतवणूकदाराला चौकशीला बोलावले. मुलगीही आली, स्टीलच्या डब्यात गर घेऊन. तो गर तिला गुंतवणूकदाराला दाखवायचाच होता. बापाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"व्याज किती घेणार?" मी विचारले.

"व्याज नाही. कंपनीत वाटा घेणार."

"पैसे बुडाले तर?"

"बुडाले, मॅडम. मागच्या दहा कंपन्यांपैकी सहांत बुडाले."

जबाब लिहिणाऱ्या जमादारांचे पेन थांबले. बाप म्हणाला, "सहा बुडाले अन् तरी हिंडतोय. मॅडम, ह्याला आधी दवाखान्यात न्या."

पण माझ्यापुरती गाठ तिथेच सुटली. ठकवणाऱ्यांचे मी कितीतरी जबाब घेतले होते. त्यांतल्या एकानेही पैसे बुडाल्याचे कधी कबूल केले नव्हते. तरी मी केंद्रात फोन करून खात्री केली, माणसाची कागदपत्रे तपासली आणि करार मागवला. तो इंग्रजीत, चाळीस पानांचा. मी पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. सत्ताविसाव्या पानावर थांबले.

"सहा महिन्यांत यंत्र आणि कारखाना पुण्याला न्यायचा, असे इथे आहे. वाचलंस?"

मुलीने ते पान ओढून वाचले. मग म्हणाली, "पैशाचं पान तेवढं वाचलंवतं."

"आमच्या सगळ्याच करारांत हे कलम असतं," गुंतवणूकदार म्हणाला. हातात वाटी होती, दुसऱ्यांदा भरलेली.

"सीताफळ दोन दिवसांत पिकतंय, साहेब. गोळा करून पुण्याला पोचंपर्यंत त्याचा चिखल होईल. अन् डोंगरातून फळं आणणाऱ्या बायांना मी काम कबूल केलंय." तिने करार त्याच्याकडे सरकवला. "तसं असंल तर राहू द्या." तिने डब्याला झाकण लावले.

तिचे दोन वर्षांचे कष्ट त्या झाकणाखाली होते. गुंतवणूकदाराने वाटी खाली ठेवली, पेन काढले, ते कलम खोडले आणि शेजारी सही केली.

"साक्षीदार म्हणून तुम्ही करता का सही?" त्याने मला विचारले.

"हे पोलीस ठाणे आहे. बाकीचं केंद्रात जाऊन करा."

"मी करतो," बाप म्हणाला. मुलीने तेव्हा कुठे त्याच्याकडे पाहिले.

"तुमीच तर ह्यांना पकडून दिलं होतं ना?"

"म्हणून तर ते पान वाचलं गेलं," तो म्हणाला.

जमादारांनी डायरीत लिहिले, 'दखलपात्र गुन्हा आढळला नाही. गर उत्तम होता.' दुसरे वाक्य मी खोडायला लावले.

संशय घेणारा माणूस अडाणी असतो, असे मी तोवर मनातल्या मनात मानत आले होते. त्या दिवसापासून मानत नाही. त्याने योग्य वेळी प्रश्न विचारला. मी फक्त इंग्रजी वाचले.

तुमची आई तुमच्याकडच्या दुकानातून सीताफळाच्या गराचे गोठवलेले पाकीट आणते ना? ते फोडण्याआधी मागचा बारीक मजकूर वाचा. पत्ता बीड जिल्ह्यातला असेल, तर तो तिथे कसा राहिला ते आता तुम्हाला ठाऊक आहे.