पुसायच्या चिंधीतली चमकी

प्रयोगशाळेत तेलाच्या नमुन्याची बाटली उघडली, की त्या जळकट वासासोबत मला अकोल्याजवळची कापसाची जिनिंग मिल आठवते.

मी तिथं नवीच इंजिनिअर होते. भर हंगामात गिअरबॉक्सचं तेल कागदावर टिपलं, तर त्यात सोनेरी कण चमकले. "पितळी बुश झिजलाय, मशीन बंद करा," मी ऐटीत सांगितलं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्या वर्षी आधीच निम्मं पीक हातचं गेलं होतं, आता उरलेलंही ताटकळणार होतं.

कापसाजवळ काडी ओढायला बंदी, म्हणून मेकॅनिक युसूफभाई पाण्याच्या टाक्यापाशी गेले. सुईच्या टोकावरचा कण त्यांनी ज्योतीत धरला. तो आकसून काळा झाला.

"पितळ असं जळते काय मॅडम? हे तं चमकी होय!"

मग ज्या चिंधीनं गिअरबॉक्सचं झाकण पुसलं होतं, त्या हातातल्या चिंधीकडे पाहून तेच ओशाळले. "पोरीच्या लग्नाचे कपडे घरीच शिवले ना... त्यातलीच चिंधी होय हे."

गाडीवानांसकट सगळे खो खो हसले आणि मशीन धडधडायला लागली.

आता माझ्याकडे कण तपासायचं महागडं यंत्र आहे. तरी सोनेरी काही दिसलं, की नमुना आणणाऱ्याला मी आधी विचारते, "भाऊ, घरी लग्न होतं काय?"