आधी ना हरकत, मग ताबा

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलची मला भीती वाटत होती, ती जरा विचित्र कारणामुळे. माझा प्रोग्राम चालत होता. फक्त लगेच दुसऱ्यांदा चालत नव्हता.

सी भाषेतला साधा चॅट सर्व्हर होता. स्क्रीनवरच्या एका खिडकीतून 'हॅलो' पाठवायचं, ते दुसरीत दिसायचं. पण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की स्क्रीनवर यायचं, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. एखादं मिनिट थांबलं की आपोआप जमायचं. आता परीक्षक हमखास म्हणतात, "परत चालवून दाखव." त्या एका मिनिटात परीक्षकांसमोर मी काय करायचं? या विषयात मी आधी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर वर्ष जाणार होतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्ष जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे घरी सांगायची माझी हिंमत नव्हती.

घाटकोपरच्या आमच्या खोलीत मी ती ओळ मोठ्याने वाचली, ही चूक झाली. पप्पा चहाचा कप ठेवून उठलेच. ते एका बिल्डरच्या ऑफिसात शिपाई आहेत, पुनर्विकासाच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेतात. पत्त्याची भानगड म्हटली की त्यांना राहवत नाही.

"आपला पत्ता कोण वापरतंय?"

"आपला नाही पप्पा, सर्व्हरचा."

"अगं, रेशन कार्ड काढ," ते मम्मीला म्हणाले.

"कॉम्प्युटरला दाखवणार? त्याला डोळे आहेत का?"

पप्पांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. मम्मी खरंच कपाटाकडे गेली.

मग मला समजावून सांगावंच लागलं. जुना प्रोग्राम गेला तरी सिस्टीम त्याची जागा थोडा वेळ राखून ठेवते. वाटेत अडकलेले त्याचे निरोप उशिरा आले, तर ते नव्याच्या हाती पडू नयेत म्हणून.

"खोली सोडली, पण टपाल अजून येतंय," पप्पा म्हणाले.

"हो, तसंच. त्याला एक ऑप्शन आहे, रीयूज ॲड्रेस. तो लावला की सिस्टीम जागा लगेच देते. मी लावलाय, तरी देत नाही."

"म्हणजे ना हरकत दाखला. अर्ज कुठे केलायस, दाखव."

मी एकेका ओळीवर बोट ठेवलं. इथे सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, तयार होतं. इथे बाइंड, म्हणजे पत्त्याचा ताबा घ्यायचा. आणि त्याच्या खाली हा ऑप्शन.

"ताबा घेतल्यावर ना हरकत मागतेस?" पप्पांचा आवाज चढला. "एवढी शिकलीस ना तू! दारातूनच हाकलल्यावर अर्ज द्यायला आत जाणार कोण?"

मी नीट बघितलं. बाइंड फसलं की माझा प्रोग्राम तिथेच बंद पडत होता. खालची ओळ त्या वेळी कधी चाललीच नव्हती. मी ती उचलून बाइंडच्या वर ठेवली. बंद केलं, चालू केलं. परत बंद, परत चालू. पप्पा दर वेळी मान हलवत होते, शिक्का मारल्यासारखी. मम्मी रेशन कार्ड हातात धरून उभी होती.

मुलुंडच्या कॉलेजात बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणालेच, "परत चालव." चालला.

"लगेच कसा चालला?"

मी इतकी घाबरले होते की तोंडातून घरचंच निघालं. "सर, आधी ना हरकत, मग ताबा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "पुनर्विकासातलं कळतं तुला?"

"मला नाही सर. पप्पांना कळतं."

"आमच्या बिल्डिंगीत दोन मेंबर सहीच करत नाहीयेत गं."

मी पप्पांना फोन लावून दिला. फोन टेबलावर, स्पीकरवर. पप्पा विचारत होते, "साहेब, सभेची नोटीस लेखी दिली होती का?" आणि सर ते माझ्या जर्नलच्या समासात लिहून घेत होते. पुढचा नंबर असलेली मैत्रीण मागून कुजबुजली, "काय विचारतायत गं?"

"सोसायटीची नोटीस."

"हे सिलॅबसमध्ये होतं? वाट लागली यार!" ती घाईघाईने नोट्स चाळू लागली.

शेवटी सरांनी मार्कांच्या रकान्यावर पेन टेकवलं. "छान. जा तू."

मला उठवेना. "सर, मला एक तरी प्रश्न विचारा ना. ती ओळ पप्पांनी वर घ्यायला लावली. मला पास व्हायचंय, पण..."

सरांनी पेन परत बाजूला ठेवलं. "जुना सर्व्हर बंदच केला नाही, तो अजून ऐकत बसलाय. मग या ऑप्शनने दुसऱ्याला तोच पत्ता आणि पोर्ट मिळेल?"

हे मी वाचलं होतं. घरी कोणाशी बोलले नव्हते. "लिनक्सवर नाही मिळणार सर. जुना ऐकतोय तोवर बाइंड फसणारच."

सर काही म्हणायच्या आत, अजून चालूच असलेल्या फोनमधून पप्पा म्हणाले, "बरोबर आहे साहेब. माणूस आत राहत असेल तर ताबा नाहीच मिळत."

सरांनी मान डोलावली आणि मार्क भरले. ते कोणाच्या उत्तराचे, हे मी विचारलं नाही.