जरा म्हणजे किती

मिस्त्रींनी चार दिवस खपून कारखान्यातल्या क्रेनचा ब्रेक खोलला, घासला, पुन्हा बसवला. पाचव्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा तपासनीस आला. परदेशी माणूस, इंग्रजीखेरीज अक्षर बोलत नव्हता. शिडीने वर चढला, अर्धा तास ब्रेकपाशी बसला, खाली उतरून हात पुसले आणि म्हणाला, "नॉट बॅड."

मॅनेजरचं तोंड पडलं. "वाईट नाही म्हणतोय. म्हणजे काठावर पास. चार दिवस काय केलंत, मिस्त्री?"

वर चढून अर्धा तास बसणारा तपासनीस छत्तीस वर्षांत मिस्त्रींनी पाहिला नव्हता. बाकीचे खालूनच मान वर करत आणि सही करत. शिवाय मिस्त्रींची स्वतःची सगळ्यात मोठी शाबासकी "चालेल" ही होती. ती मिळवायला त्यांच्या हाताखालच्या वेल्डरला अकरा वर्षं लागली होती.

मग तपासनिसाने क्रेनचा तारेचा दोर न्याहाळला, एका जागी अंगठा फिरवला, त्याच सुरात एक वाक्य बोलला आणि निघाला.

"दोराचं काय म्हणाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. जरा नाखूश आहे म्हणे. 'अ लिटल.' दोन दिवसांनी रिपोर्टात येईल. जेवणं झाली की साचा उचलायला घ्या."

ओतकामाचा तो लोखंडी साचा सहा टनांचा. उचलताना त्याला हात लावून वळवायला पाच माणसं लागतात.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माणसाचे पाय पाहिले होते. येताना तपासनीस क्रेनच्या हुकाखालून सरळ आला. दोर पाहिल्यावर मात्र भिंतीच्या कडेने, सामानाला वळसा घालून दाराकडे गेला.

आणि 'जरा' त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. सोळा वर्षांपूर्वी एका सकाळी बायको म्हणाली होती, "पोटात जरा दुखतंय. तुम्ही जा कामाला." ते गेले. दुपारी शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. ती वाचली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला सांगितलं नव्हतं का यांनी?" सांगितलं होतं. तेव्हापासून ती 'जरा' म्हणाली की मिस्त्री आधी चपला घालत.

त्यांनी क्रेनच्या मेन स्विचला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"इंग्रजी तुम्हाला येतं की मला?" मॅनेजर म्हणाला.

"तुम्हाला."

"मग?"

"माझं लग्न झालंय."

मॅनेजरचं झालं नव्हतं. "साचा आज हलला नाही तर वरचे मला विचारतील."

"माझं नाव सांगा. एक तास द्या."

दोर बाहेरून ठणठणीत होता. अंगठा फिरवलेल्या जागी मिस्त्रींनी टोकदार सळई खुपसून पीळ उघडला. आतून गंजाची तांबडी भुकटी सांडली. ते तुटलेल्या तारा मोजू लागले आणि सतरावर थांबले. पुढे मोजण्यात अर्थ नव्हता.

मॅनेजरने भुकटी चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

"मग त्याला स्पष्ट सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की."

"आणि ब्रेकचं ते नॉट बॅड?"

मिस्त्रींनी सळई पुसून ठेवली. "ते चालेल."

जुना दोर उतरवून झाल्यावरच ते घरी गेले. संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला हे सगळं चार वाक्यांत सांगितलं. तिचा वाढता हात थांबला.

"खाली पाच जण असते?"

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि न विचारता आणखी वाढलं.

याआधी हे शब्द त्यांनी तिच्या तोंडून एकदाच ऐकले होते, घराचं छप्पर स्वतःच्या हातांनी घातलं तेव्हा.

मिस्त्री त्या दिवशी जरा जास्तच जेवले.