मिठाचा खांब आणि कणकेची परात

माझ्या सासऱ्यांइतका संताप आणणारा सज्जन माणूस सबंध पुण्यात दुसरा झाला नाही. हे ज्यांना जास्त वाटेल त्यांनी दिवसभर काम करून यावं आणि उपाशीपोटी बाहेरच्या खोलीत मिठाचा खांब होऊन उभं राहावं, मग बोलावं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची नोकरी झाली, त्यामुळे वेळ आणि शिस्त या दोन गोष्टींत त्यांना थट्टा चालत नसे. निवृत्त झाल्यावर ती सगळी शिस्त त्यांनी आमच्या कौटुंबिक शास्त्राभ्यासावर सोडली. माझ्या माहेरीही रोज बायबल वाचत. एक अध्याय, एक गीत, आमेन, की ताटं वाढली. पण पप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं, "नुसतं वाचलेलं कानाशी थांबतं. करून बघितलं तर अंगात भिनतं." म्हणून आमच्या घरी शास्त्र वाचायचं नाही, करायचं. तेही बरोबर साडेसातला, सगळे जमल्यावर, आणि जेवणाच्या आधी. कारण पोट भरलं की वचन झोपतं म्हणे!

भूमिका तेच वाटायचे. सासूबाई कायम देवदूत, कारण गुडघ्यांमुळे त्यांना बसून राहावं लागे आणि देवदूतानं बसलेलं चालतं. माझ्या नवऱ्याला राजे आणि संदेष्टे. मी मात्र लोटाची बायको. नगर जळत असताना मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झाली ती. माझ्या मुलीला ही गोष्ट फार आवडायची, त्यामुळे फिरून फिरून तीच. गॅसवर दूध चढलेलं, मला वास येतोय, फसफस ऐकू येतेय, आणि पप्पा म्हणतायत, "हलू नकोस, खांब हलत नसतो." एकदा मी फणकाऱ्यानं म्हटलं, "पप्पा, बायबलमध्ये दुसऱ्या बायका नाहीत का?" तर म्हणाले, "आहेत. पण या घरात तुला घटकाभर नुसतं उभं राहायला मिळतं ते एवढंच." हा टोमणा होता की माया, देव जाणे. दूध मात्र उतू गेलं आणि ओटा मीच पुसला.

मान्नाचा अध्याय आला तेव्हा तर कहर झाला. रानात देवानं रोजच्या रोज अन्न दिलं आणि उद्यासाठी साठवू नका म्हणून बजावलं, हे नातीला पटावं म्हणून या गृहस्थांनी सगळा फ्रिज शेजारीपाजारी वाटून रिकामा केला. त्यात माझी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजीही गेली. फेऱ्या मारून आणि शिंगं फुंकून यरीहो नगराच्या भिंती पाडल्या, त्या गोष्टीच्या आठवड्यात आम्ही सगळे सोसायटीभोवती रोज एक फेरी मारत होतो आणि पुढे पप्पा लग्नाच्या बँडवाल्याकडून आणलेली पिपाणी फुंकत होते. चौथ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली : 'सोसायटीच्या भिंती बिल्डरने बांधल्या आहेत. त्या आपोआप पडतील. कृपया वाद्ये वाजवू नयेत.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पप्पा ती वाचून खूश. "बघ, सेक्रेटरीलासुद्धा गोष्ट कळली!"

हे सगळं मी सोसलं असतं, पण माझ्या नोकरीवर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. हडपसरला नव्या निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी लागले होते. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉम्प्युटरवर पोट भरणारी मी पहिली. कंपनीची गाडी सगळं शहर ओलांडून मला खडकीला सोडायची तोवर कधी साडेआठ, कधी नऊ. आणि घरात सगळे जेवायचे थांबलेले, कारण कुटुंब पुरं नसेल तर अभ्यास नाही आणि अभ्यास नाही तर जेवण नाही. मुलगी पेंगलेली, सासूबाईंचं तोंड उतरलेलं. एके दिवशी नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "सोडून दे ना ती नोकरी. घरात शांतता तरी राहील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या साडेसातपायी माझी नोकरी चाललीय पप्पा!" मी ओरडले. "देते राजीनामा. मग राहते खांब होऊन जन्मभर!" पप्पांनी चष्मा लावला आणि बायबल उघडलं. त्याचा मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी नऊला घरी आले तर सगळ्यांची जेवणं उरकलेली. मध्ये एक खुर्ची, समोर माझी कणकेची परात, तांब्यात कोमट पाणी, आणि पप्पा कमरेला टॉवेल बांधून उभे. "बस. आज योहान, अध्याय तेरा." प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय.

"मला नाटक करायचं नाही," मी म्हटलं. "आणि आज मी कोण? प्रभूला धरून देणारा यहूदा?"

"त्याचेही धुतले होते," पप्पा म्हणाले आणि कण्हत खाली बसले.

मी पाय मागे घेतले. "अहो, सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा? माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत!"

"शिष्यांतला पेत्र प्रभूला हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "वाक्य अगदी बरोबर आलं तुला."

दिवसभराची धूळ बसलेला माझा उजवा पाय त्यांनी परातीत धरून धुतला, टाचेच्या भेगांसकट. सावकाश पुसला. मग टॉवेल सोडून माझ्या नवऱ्यापुढे धरला. "डावा तुझा. नोकरी सोड म्हणणं सोपं असतं." नवरा कानापर्यंत लाल झाला, पण बसला खाली. मी रडत होते, आणि रागावलेही होते, कारण परात कणकेची होती. पप्पांनी तेवढ्यात जाहीर केलं, "उद्यापासून अभ्यास सकाळी सहाला. सूनबाई असते तेव्हा." सकाळी सहाला! डबे कोण भरणार, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यावरूनही मी पुष्कळ भांडले.

पप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरी टिकली, वाढली, आता तर मी निम्मे दिवस घरूनच काम करते. साडेसातला सगळे घरात असतात आणि ज्याचा त्याचा अध्याय ज्याच्या त्याच्या फोनवर. कुणी कुणाला खांब करत नाही. सकाळी सहाला मी गॅसवर दूध ठेवून उभी असते. बाहेर खुर्ची सरकल्यासारखी वाटते, मी मागे वळून बघते, आणि तेवढ्यात दूध उतू जातं. अजूनही पप्पांचा भयंकर राग येतो मला.