दाजींची बांगडी

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक धक्क्यांना एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा. पन्नासाचं दशक सरत आलेलं. दाजी बारामतीच्या शाळेत शास्त्र शिकवत आणि संध्याकाळी सायकल हाणत सणसरला घरी येत. इतरांचे दाजी मेव्हण्याला चहा पाजतात. यांनी मला जंतू दाखवले. लोणचं घ्यायला बरणी उघडली, तर आत साखर कारखान्यातली मळी फसफसत होती! मी किंचाळलो. दाजी शांतपणे म्हणाले, "आरडू नका पाव्हणं, जेवत्यात ते." थंडीत त्या बरण्यांना अक्काची गोधडी, आणि अक्का कुडकुडत.

हे जंतू म्हणे गोड खाऊन पोटात चरबीसारखा पांढरा पदार्थ साठवतात. तो काढून वितळवला की हवी ती वस्तू ओतता येते, आणि टाकून दिली की तिची माती होते. मी थक्क! मोळी बांधताना अक्काची काचेची बांगडी वाढली आणि मनगट चिरलं, तेव्हा दाजींनी तिला शब्द दिला होता, "तुला न चिरणारी बांगडी करतो." त्या शब्दावर तिनं लोणच्याच्या सगळ्या बरण्या देऊन टाकल्या. शेवटी हाती लागली वाटीभर भुकटी.

ओतायच्या दिवशी आळीतल्या बाया जमल्या. लोखंडी पळीत भुकटी वितळून मधासारखी झाली. मी म्हणालो, "ओता आता." पण दाजी पडले गुऱ्हाळवाल्यांच्या घरातले. रस आटेल तसा गूळ घट्ट, हे त्यांच्या रक्तातच. "थांबा, अजून आटू द्या. कच्चं न्हाय ओतायचं." आटता आटता ते पाण्यासारखं पातळ झालं, तांबूस पडलं आणि असा झोंबणारा धूर सुटला, की बाया नाकाला पदर लावून अंगणात पळाल्या. घाईघाईनं ओतलेली बांगडी गार झाल्यावर दाजींनी स्वतः अक्काच्या हातात चढवली. चढवता चढवताच तिचा चुरा झाला.

सुवासिनीच्या हातात, तेही नवऱ्याच्या हातून! बाया चरकल्या. दाजींचा चेहरा तर बघवेना.

"लई तापवलं गं," ते पुटपुटले. "आचंनं आतली कणाकणांची साखळीच तुटली. गुळावाणी न्हाय हे, तापवावं तितकं सुटत जातं."

अक्कानं मनगट त्यांच्यापुढं धरलं. "वाढली तर वाढली. पर बघा की, कुठं चिरलं न्हाय."

दाजींनी पुन्हा जंतू पाळले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. अक्का मात्र माहेरी आली की बायकांत सांगायची, "आमच्या ह्यांनी मला सोताच्या हातानं बांगडी केली हुती." ती किती वेळ टिकली, हे ती सांगत नसे, आणि मलाही कुणापुढं बोलू देत नसे.