आक्काने फाडलेलं कार्ड

आमच्या आक्काने एकदा आपल्या जिवंत बहिणीच्या नावाने अंघोळ केली होती. आमच्या पूर्णा गावात हळदीला चार बायका जमल्या की अजून हा विषय निघतो, आणि सगळ्यांत मोठ्याने हसते ती आक्काच. पण त्या अंघोळीने आमचं घर सावरलं. हे मी तिची सून म्हणून सांगते, आणि सून सासूबद्दल असं सांगते आहे म्हणजे ते खरंच असणार.

आक्का ही माझ्या नवऱ्याची, केसरीनाथची आई. अंगाने बुटकी, नेसणं काष्ट्याचं लुगडं, आणि आवाज असा की घरात बोलली तरी देवळात ऐकू जावं. कुठल्याही प्रश्नाला तिचं पहिलं उत्तर ‘न्हाय’. चहा घेणार का म्हटलं तरी न्हाय, आणि मग दोन कप. तरुणपणी ती आणि तिची धाकटी बहीण गोदू भिवंडीच्या बाजारात शेजारी शेजारी टोपल्या मांडून सुकट-बोंबील विकायच्या. गोदू खारबावला दिलेली. तिच्या मुलाच्या हळदीत मानाची साडी आधी दुसऱ्याच कुणाला दिली गेली, तेव्हा आक्का भरल्या मांडवातून न जेवता उठून आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. शेजारी बसावं लागेल म्हणून आक्काने बाजारसुद्धा सोडला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा दोघी.

आता केसरीनाथचं सांगते. तो कासमभाईंच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की चालता करून देणारा. दोन हजार आठमध्ये मंदी आली आणि कासमभाईंना कारखाना बंद करावा लागला. लूम भंगारात जाताना ते स्वतः दारात उभे राहून रडले. निघताना हत्यारांची पेटी त्यांनी केसरीनाथच्या हातात दिली आणि म्हणाले, ही माझ्यापेक्षा तुझीच जास्त आहे. त्या माणसाचं भलं होवो.

पेटी आली, पण काम कुठून येणार? तेवढ्यात गोदामाच्या कंत्राटदाराचा निरोप आला की गेटवर वॉचमन पाहिजे, ड्युटी घराजवळ, दिवसभर सावलीत बसायचं. ते गोदाम उभं होतं ते आमच्याच शेतावर. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी ते कधीच विकलं होतं, पैसा वाटण्यांत आणि लग्नांत गेला होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण ज्या बांधावर लहानपणी न्याहारी खाल्ली तिथे टोपी घालून दुसऱ्याच्या ट्रकांना सलाम ठोकायचा, हे केसरीनाथच्या घशाखाली उतरत नव्हतं. नाही म्हणायची ऐपतही नव्हती. पाडव्यापर्यंत सांगतो, असं तो म्हणाला.

माझा भाऊ प्रितेश तेव्हा वळ गावच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर होता. त्यांच्याकडे माल उचलायच्या हातट्रॉल्या असतात. दांडा पंप केला की त्या तेलाच्या जोरावर माल वर घेतात. एक बिघडलेली ट्रॉली त्याने आमच्या मागच्या अंगणात आणून टाकली. केसरीनाथने ती उघडली, झिजलेला सील बदलला, तेल भरलं आणि तिच्यावर मला बसवून उचलून दाखवलं. मी काही हलकी नाही, तेव्हा परीक्षा चोख झाली.

प्रितेश म्हणाला की मुंबईहून मेकॅनिक येईपर्यंत गोदामांचे दिवस जातात. मॅनेजर लोक नेटवरच्या नकाशात बघतात, जवळ कोण दुरुस्ती करतं. तिथे दाजींचं नाव लागलं तर फोन येतील. घरातून धंदा केला तरी चालतो, फक्त पत्ता खरा आहे हे कंपनीला पटायला हवं. त्यासाठी ते पोस्टाने एक कार्ड पाठवतात, त्यावर एक नंबर असतो. तो कॉम्प्युटरवर टाकला की नाव पक्कं. त्याने सगळं भरलं आणि कार्ड जपून ठेवा म्हणून मला आणि केसरीनाथला बजावलं. आक्काला कुणीच काही बोललं नाही. नकाशा म्हणजे काय इथूनच तिला सांगावं लागलं असतं, आणि पहिलं उत्तर तर ठरलेलंच होतं.

कार्ड आलं तेव्हा मी बाजारात आणि केसरीनाथ बाहेर. पोस्टमनने ते ओट्यावर ठेवलं. शेजारच्या कमळची शेळी आमच्या ओट्यावर माहेरी आल्यासारखी वावरते. तिने कार्डाचा एक कोपरा खाल्ला आणि पुढे गेली.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे आमच्याकडे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. मरणाची बातमी. ते कार्ड घरात न्यायचं नसतं. उंबऱ्याबाहेरच फाडायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं आणि डोक्यावरून अंघोळ करायची. घरोघरी फोन आले तरी आक्काच्या हिशेबात मरण कार्डावरूनच येत होतं. ती शाळेत गेली नव्हती, पण हे कार्ड वाचायला शाळा लागत नाही. त्या थंडीत गोदू आजारी असल्याचं कुणीतरी सांगून गेलं होतं, तेव्हा आक्काने न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ओट्यावर ते कार्ड दिसल्यावर तिने कुणाला दाखवलंसुद्धा नाही. फाडलं, मागच्या ओहोळात टाकलं, ओट्यावरच घागर डोक्यावर ओतून घेतली आणि ओल्या लुगड्यानिशी रडत अंजूरफाट्याला जाऊन खारबावची रिक्षा पकडली.

कमळने मला गाठून सांगितलं की तुझी मावससासू गेली. मी केसरीनाथला बोलावलं आणि आम्ही दोघं मागोमाग निघालो. वाटभर तो रिक्षावाल्याला घाई करत होता. मावशीने त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं.

पोहोचलो तर मावशी ओट्यावर बसून निवट्या मासे साफ करत होती आणि आक्का तिच्या मांडीला मांडी लावून चहा पीत होती. झालं होतं असं. आक्का गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत आली. “गोदू गं, मला न सांगता गेलीस गं,” असा तो आकांत. माणसं गोळा झाली. आणि गर्दीतून वाट काढत, कोण मेलं ते बघायला, स्वतः गोदूमावशी पुढे आली. आक्काने तिला बघितलं आणि आधी दंडाला चिमटा काढून खात्री करून घेतली. मग तिला मिठी मारून जी रडली, ती त्या मांडवातून उठून आल्यापासूनचं सगळं रडली. मावशी म्हणत होती, अगं मी जितीय, आता तरी थांब. आक्का थांबेना.

हे सगळं मावशीनेच हसत-रडत आम्हाला सांगितलं. मग तिला प्रश्न पडला की कार्ड पाठवलं कोणी. केसरीनाथच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

“आक्का,” त्याने हळूच विचारलं, “कार्डावर काय होतं?”

“मला काय ठावं? इंग्रजी होतं. सगलं काला छापलेला.”

तो तिथल्या पायरीवर बसला. मला हसू आवरेना आणि रडूही. त्याने आईला सगळं समजावलं. नकाशा, नंबर, फोन, गेटवरची नोकरी. आक्का ऐकत गेली तशी तिची मान खाली गेली.  घरी येऊन केसरीनाथ ओहोळात उतरला, पण कार्ड केव्हाच खाडीच्या वाटेला लागलं होतं.

प्रितेशने पुन्हा कार्ड मागवलं. ते यायला कित्येक आठवडे लागणार होते, आणि पाडवा तर दोन दिवसांवर आला होता. त्या दोन्ही रात्री मी आणि केसरीनाथ तेच तेच बोलत राहिलो. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे विनिता, आधी गेटवर बसतो, पुढचं पुढे बघू. पण पुढचं पुढेच राहतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. एकदा ती टोपी चढली की पेटी गंजणार.

पाडव्याच्या सकाळी आम्ही गुढी उभारली आणि कंत्राटदाराचा माणूस ओट्यावर येऊन बसला. मी चहा ठेवला. केसरीनाथ शर्टाची बटणं लावत बाहेर निघाला, तर आक्का दारात आडवी उभी. तिच्या कमरेला जुनी सुकटीची टोपली होती. माळ्यावरून कधी काढली, कधी धुतली, मला पत्ता नाही.

“त्याला न्हाय सांग,” ती म्हणाली. “गोदूचं गुडघं गेलंत, तिला टोपली उचलवत न्हाय. उद्यापासून मी तिच्या संगती बाजारान बसतंय. तुजा कार्ड येईतो घर मी चालवतंय. फाडलाय मी, भरीन पन मीच.”

 कंत्राटदाराचा माणूस चहा पिऊन गेला, नकार घेऊन. मी आत जाऊन चुलीसमोर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. माझ्या आईने माझ्यासाठी हे केलं असतं. सासू करेल असं मला वाटलं नव्हतं, खरं तर तसं वाटायला हवं एवढी वर्षं मी तिच्या हातचं जेवले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून निघायची. या वयात डोक्यावर टोपली, दोन रिक्षा बदलायच्या, उन्हात बसायचं. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. मी तेल लावायला घेतलं की म्हणायची न्हाय, आणि पाय पुढे करायची. दोघी बहिणी पुन्हा शेजारी बसत होत्या आणि गिऱ्हाइकाला सुका जवळा मोजून देता देता कार्डाची गोष्टही सांगत होत्या. बाजारातून सुकट नेणाऱ्या अर्ध्या भिवंडीला कळलं होतं की पूर्ण्याला केसरीनाथ नावाचा ट्रॉली दुरुस्त करणारा आहे आणि त्याची आई अशी आहे.

दुसरं कार्ड आलं तेव्हा मी ओट्यावरच बसून होते, आणि कमळला सांगून शेळी खुंट्याला बांधलेली. आक्का बाजारातून आली. तिने आधी चारही कोपरे बोटाने चाचपले, मग चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. नंबराला मात्र बोट लागू दिलं नाही. प्रितेशने तो नंबर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, लागलं नाव. आक्काने विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, आता वाट बघायची. तिला ते मुळीच आवडलं नाही.

पहिला फोन चुकीचा होता, कुणाला तरी क्रेन हवी होती. दुसरा वळच्या गोदामातून आला. मॅनेजर हिंदीत म्हणाला, नकाशे पे आपका नाम देखा, दो ट्रॉली बंद पडी है, आज आ सकते हो क्या? केसरीनाथने दोन वेळा हां जी म्हटलं, फोन ठेवला आणि कासमभाईंची पेटी उचलून आधी आईच्या पाया पडला. तो संध्याकाळी आला तो हात काळे करून. त्यानंतर काल्हेरहून फोन आला, मग आमच्या पूर्ण्यातूनच. पावसाळ्याच्या आधी आमच्या अंगणात ट्रॉल्यांची रांग लागायला लागली.

मग एका रात्री जेवताना केसरीनाथ म्हणाला की आता पुरे, उद्यापासून आक्काने बाजार बंद करायचा, घरात आराम करायचा. मीही मान डोलावली. तिचे पाय मीच रोज बघत होते. माझ्या मनात होतं की आता हिला बसवून खायला घालायचं, एवढं तरी आपण तिचं देणं लागतो.

आक्काने भाकरीचा तुकडा मोडला आणि लेकाकडे बघितलं.

“तू गेटवर बसला न्हायस ना? मंग मी घरान कशाला बसू?”

 पहाटे ती उठायच्या आधी मी उठले, दोन भाकऱ्या भाजल्या, एक तिची आणि एक गोदूमावशीची, आणि टोपलीत ठेवल्या.